बेसा रोडवरची स्पॅनिश

पंधरा-वीस वर्षांपूर्वी नागपूरकरांच्या लेखी बेसा म्हणजे गावाबाहेरचं गाव. मिहानमध्ये आयटी कंपन्या आल्या, मनीषनगरच्या पुढे फ्लॅट स्कीमा उभ्या राहिल्या आणि त्यांच्या मागोमाग सीबीएसईच्या शाळा. शाळांच्या माहितीपत्रकात स्केटिंग, रोबोटिक्स वगैरेंच्या जोडीला ‘परकीय भाषा’ असायचीच. बहुतेक ठिकाणी फ्रेंच किंवा जर्मन, क्वचित कुठे स्पॅनिश. आमच्या मुलीच्या वाट्याला २०१९ साली, सहावीत, ती स्पॅनिश आली.

आम्हा पालकांचा स्पॅनिशशी संबंध ‘जिंदगी ना मिलेगी दोबारा’पुरता, मुलांचा ‘देस्पासितो’पुरता. पहिले काही महिने मजेत गेले. ओला, ब्वेनोस दियास, वीसपर्यंत आकडे, रंग, आई-बाबा-आजी. उच्चारांत तर आपली मुलं पहिल्याच दिवशी पुढे असतात. स्पॅनिशचे ‘त’ आणि ‘द’ दातांवरच येतात. इंग्रज माणसाला तिथे जीभ वळवावी लागते, आपल्याला नाही.

गाडी अडली ती ‘आवडतं’वर. शिकवणं सगळं इंग्रजीतून. त्यामुळे ‘आय लाइक’चा सांगाडा डोक्यात ठेवून मुलं ‘यो गुस्तो’ लिहायची आणि वहीभर लाल रेघा घेऊन घरी यायची. स्पॅनिशमध्ये माणूस संत्रं ‘आवडत’ नाही, संत्रं माणसाला आवडतं. ‘मे गुस्ता ला नारांखा’ म्हणजे थेट ‘मला संत्रं आवडतं’. संत्री अनेक झाली की क्रियापद बदलतं, ‘मे गुस्तान लास नारांखास’, जसं आपल्याकडे ‘संत्री आवडतात’. आमच्या सासूबाईंच्या वऱ्हाडीत तर ‘मे’च्या जागी ‘मले’ ठेवलं की काम झालं. हिंदीतही हीच रचना आहे. म्हणजे वर्गातल्या जवळपास प्रत्येक मुलाला हा नियम घरूनच येत होता, फक्त तो त्यांना कुणी विचारला नव्हता. (आपलं सुट्या सालीचं नागपुरी संत्रं खरं तर तिकडे ‘मांदारीना’, पण पुस्तकात नारांखा होती, म्हणून परीक्षेतही नारांखाच.)

‘तू’ आणि ‘उस्तेद’चंही तेच. मोठ्यांशी बोलताना सर्वनाम आणि क्रियापद दोन्ही बदलायचं, हे तू-तुम्ही म्हणत वाढलेल्या पोराला वेगळं कशाला शिकवायचं? पण इंग्रजीत एकच ‘यू’, म्हणून त्यावर एक अख्खा तास गेला. ‘सेर’ आणि ‘एस्तार’ या दोन ‘असणं’ क्रियापदांपुढे मात्र मराठीनेही हात टेकले. ते पाठच करावं लागलं.

मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि वर्ग मोबाइलवर आला. ‘पेरो’ म्हणजे ‘पण’ आणि ‘पेर्रो’ म्हणजे कुत्रा. ‘र’च्या एका थरथरीचा फरक, तो अडखळत्या नेटवर कुणाला ऐकू यावा! त्याच वर्षी राज्याचा मराठी सक्तीचा कायदा आला. २०२०-२१ पासून पहिली आणि सहावीत मराठी अनिवार्य, मग दरवर्षी वरचे वर्ग. आमची मुलगी तेव्हा सातवीत गेली होती, म्हणून सुटली. तिच्या मागच्या तुकडीला मात्र तिसऱ्या भाषेच्या तासाला मराठी आली आणि स्पॅनिश शाळा सुटल्यानंतरच्या छंदवर्गात गेली.

कायद्याबद्दल माझी तक्रार नाही. महाराष्ट्रात वाढणाऱ्या मुलाला मराठी वाचता आलीच पाहिजे. खटकतं ते असं की वेळापत्रकात या दोन भाषा एकमेकींच्या जागेवर टपलेल्या, आणि फळ्यावर एकमेकींना सर्वांत जास्त मदत करू शकतील अशाही त्याच. मराठीच्या मॅडम शेजारच्या वर्गात कर्ता-कर्म-क्रियापद शिकवत होत्या, भिंतीपलीकडे ‘गुस्तार’ अडून बसलं होतं.

धोरणांचा वाराही फिरता राहिला. २०१४ मध्ये केंद्रीय विद्यालयांत तिसऱ्या भाषेच्या जागेवरून जर्मन काढली गेली. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने परकीय भाषांच्या यादीत स्पॅनिशचं नाव घेतलं, तर २०२३ च्या अभ्यासक्रम आराखड्याने तीनपैकी दोन भाषा भारतीयच हव्यात असं सांगितलं. म्हणजे इंग्रजी धरली की स्पॅनिशला जागा उरतच नाही.

नववीत आमच्याकडेही स्पॅनिश सुटली. सीबीएसईत तो विषय पुढेही घेता येत होता, पण मूठभर मुलांसाठी शिक्षक कोण ठेवणार? ज्यांना पुढे जायचं होतं त्यांनी सेर्व्हांतेस संस्थेच्या, अकरा ते सतरा वयाच्या मुलांसाठी असलेल्या ‘देले’ या स्पॅनिशच्या परीक्षेची माहिती काढली. बाकीच्यांनी संस्कृत घेतलं. ‘मह्यं रोचते’ पहिल्या झटक्यात कसं जमलं, हे आमच्या मुलीने मला न विचारता सांगितलं.