दुर्बीण स्वच्छ, तरी पोट का दुखते?

तेल्हारा तालुक्यातल्या हिवरखेडहून अकोल्याला जायचे, दिवसाची मजुरी बुडवून पोटाची दुर्बीण तपासणी करायची आणि अहवालात जखम नाही, गाठ नाही असे निघाले की घरात दोनच निष्कर्ष निघतात. पैसे वाया गेले, नाहीतर दुखणे मनाचे आहे. दोन्ही चूक. दुर्बिणीतून जठराचे अस्तर दिसते, जठराचे काम कसे चालले आहे ते दिसत नाही. बिघाड कामातच असेल तर त्याला डॉक्टर ‘फंक्शनल डिस्पेप्सिया’ म्हणतात, म्हणजे कार्यात्मक अपचन. 2016च्या ‘रोम’ निकषांनुसार त्याची लक्षणे चार: जेवणानंतर पोट त्रासदायक गच्च वाटणे, चार घासांतच पोट भरणे, बेंबीच्या वर दुखणे आणि तिथेच जळजळ. त्रास सुरू होऊन सहा महिने झालेले असावेत, गेले तीन महिने तो टिकून असावा आणि त्याला दुसरे कारण सापडू नये.

वऱ्हाडात याचा दोष सहसा ठेच्यावर किंवा खारपाण पट्ट्यातल्या पाण्यावर जातो. तिखटाने जळजळ वाढते, हे अनेकांच्या बाबतीत खरेच आहे. पण इटलीत रुग्णांना पाच आठवडे रोज अडीच ग्रॅम लाल मिरचीची पूड कॅप्सूलमधून दिली, तेव्हा सुरुवातीच्या त्रासानंतर त्यांची लक्षणे खोट्या कॅप्सूल घेणाऱ्यांपेक्षा जास्त कमी झाली. अभ्यास लहान होता, त्यामुळे मिरची औषध ठरत नाही. मात्र ती एकटी गुन्हेगार नाही, एवढे त्यातून कळते. पाण्याचेही तसेच. मुंबईत खारपाण नाही, तरी 2001 साली प्रसिद्ध झालेल्या तिथल्या पाहणीत सुमारे 30 टक्के लोकांनी अपचनाची तक्रार सांगितली. त्या सगळ्यांचे अपचन कार्यात्मक नसेल, पण केवळ गावच्या पाण्याने या तक्रारीचा उलगडा होत नाही.

मग कारण काय? ते एक नाही. अन्न आत येताच जठराचा वरचा भाग सैल पडून जागा करून देतो. काहींमध्ये तो पुरेसा सैल पडत नाही आणि थोडक्यात पोट गच्च होते. काहींचे जठर उशिरा रिकामे होते. काहींच्या नसा इतक्या संवेदनशील असतात की साधा ताणही दुखतो. काहींना हगवण-उलटीच्या संसर्गानंतर त्रास जडतो. हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतूही कारण ठरू शकतो. पण त्याच्यावर उपचार केलेल्या साधारण 14 जणांत एकालाच त्याचा जादा फायदा होतो.

‘म्हणजे टेन्शनच ना?’ असे विचारणाऱ्यांनी ऑस्ट्रेलियातला 12 वर्षांचा पाठपुरावा लक्षात घ्यावा. चिंता असलेल्यांना पुढे पोटाचे असे विकार जडण्याची शक्यता जास्त आढळली, तशीच हे विकार आधी असलेल्यांना पुढे चिंता जडण्याचीही. रस्ता दुहेरी आहे. म्हणून डॉक्टरांनी कमी मात्रेत मनाच्या आजारावरची गोळी दिली, तर रुग्णाला वेड्यात काढले असा अर्थ होत नाही. ती गोळी आतड्यांच्या नसांवरही काम करते.

नुसता ‘गॅस’ समजून मेडिकलमधून वर्षानुवर्षे आम्लाच्या गोळ्या आणणे मात्र धोक्याचे. त्याआड अल्सर किंवा कर्करोग लपू शकतो. सांधेदुखीच्या गोळ्यांनीही जठराला जखम होते. वजन घटत असेल, गिळताना अडत असेल, उलटीत रक्त किंवा शौच काळी असेल, रक्त कमी झाले असेल, किंवा उतारवयात त्रास नव्याने सुरू झाला असेल, तर तपासणी लांबवू नका. छातीत दाटून येऊन घाम फुटला, तर तो हृदयविकार असू शकतो. लगेच दवाखाना गाठा. यातले काही नसेल आणि दुर्बीण स्वच्छ निघाली, तर तो अहवाल फेकू नका. जेवणानंतर गच्च होते की बेंबीच्या वर जळते, ते नेमके सांगा. औषध त्यावरूनच ठरते.