मिश्र लाल वाइन : मेंदोझाचा अनुभव आणि बदलापूरचे जांभूळ

उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर ही ठाणे जिल्ह्यातील तीन शहरे कल्याण-कर्जत लोहमार्गावर एकापाठोपाठ लागतात. त्यांच्या आसपासच्या गावांत, विशेषतः बदलापूरकडील भागात, जांभळाची जुनी झाडे आहेत. मेअखेर व जून हा त्यांचा हंगाम होय. फळाची साल नाजूक असल्याने ते दोन दिवसांपलीकडे टिकत नाही, आणि मृगाचा पाऊस लवकर आला तर झाडाखाली सडा पडून माल वाया जातो. बदलापूरच्या जांभळास भौगोलिक मानांकन लाभले आहे. परंतु त्यामुळे नावाचे रक्षण झाले, फळाचे आयुष्य वाढले नाही. वस्ती झपाट्याने पसरत असलेल्या या पट्ट्यात जे झाड मालकास उत्पन्न देईल तेच उभे राहील. म्हणून फळावर प्रक्रिया करण्याचा प्रश्न येथे महत्त्वाचा ठरतो. अशा प्रक्रियेपैकी एक म्हणजे वाइन. ती कशी साधावी याचा विचार करताना दक्षिण अमेरिकेतील मेंदोझा प्रांताचा अनुभव उपयोगी पडतो.

उंचीचा लाभ

मेंदोझा हा प्रांत अर्जेंटिना देशात अँडीज पर्वताच्या पूर्व पायथ्याशी आहे. तेथे वर्षाकाठी सुमारे २०० मिलिमीटर एवढाच पाऊस पडतो. द्राक्षबागा पर्वतावरील बर्फाच्या पाण्यावर, पाटांच्या साहाय्याने पोसल्या जातात. तेथील उको खोऱ्यातील अनेक बागा समुद्रसपाटीपासून ९०० ते १,५०० मीटर उंचीवर आहेत. दर १०० मीटर चढणीस तापमान सुमारे अर्ध्या अंशाहून थोडे अधिक उतरते. दिवसाच्या प्रखर उन्हाने द्राक्षाच्या सालीत रंग व तुरटपणा भरतो, तर रात्रीच्या गारव्यामुळे फळातील आंबटपणा टिकून राहतो.

मिश्रण कशासाठी

तेथील मुख्य जात माल्बेक ही मूळची फ्रान्सची. १८५३ मध्ये मिशेल एमे पुजे या फ्रेंच कृषितज्ज्ञाच्या पुढाकाराने ती मेंदोझात आली. माल्बेकची वाइन गडद रंगाची व मऊ असते. तिच्यात काबर्ने सोव्हिन्यों मिसळल्यास तुरटपणा व टिकाऊपणा वाढतो, मेर्लो मिसळल्यास ती अधिक सौम्य होते, आणि थोड्या पेती व्हर्दोने रंग व आम्लता यांस आधार मिळतो. एका फळात सर्व गुण क्वचितच एकत्र येतात. ते जुळवून आणणे हाच मिश्रणाचा हेतू होय.

या जाती एकाच वेळी पिकत नाहीत. त्यामुळे बहुधा प्रत्येक जातीचा रस स्वतंत्रपणे आंबविला जातो आणि तयार वाइनी पुढे मोजून एकत्र केल्या जातात. प्रथम लहान मापात निरनिराळी प्रमाणे करून पाहतात, चव, रंग व आम्लता तपासतात, आणि पसंत पडलेले प्रमाणच मोठ्या टाकीत उतरवितात.

महाराष्ट्रातील परिस्थिती

आपल्याकडे या कामास नाशिकची सुमारे ६०० मीटर उंचीची जमीन जवळची आहे. तेथे एप्रिलमध्ये खरड छाटणी व पावसाळ्यानंतर गोडी छाटणी करतात. त्यामुळे वाइनची द्राक्षे थंडीत पोसली जाऊन जानेवारी ते मार्चमध्ये तोडणीस येतात. लाल वाइनसाठी तेथे शिराझ व काबर्ने सोव्हिन्यों या जाती लावल्या जातात. राज्य शासनाने २००१ मध्ये द्राक्ष प्रक्रिया उद्योगासाठी स्वतंत्र धोरण जाहीर केले.

बदलापूरचा सखल, अतिपावसाचा प्रदेश द्राक्षास मानवणारा नाही. परंतु तेथील जांभळात लाल वाइनला लागणारे दोन गुण उपजतच आहेत : गडद जांभळा रंग व तुरटपणा. उणीव आहे ती साखरेची. वाइनच्या द्राक्षांच्या रसात विद्राव्य घटक शेकडा २२ ते २४ असतात. जांभळात ते साधारणतः १० ते १५ भरतात. केवळ तेवढ्यावर तयार झालेली वाइन पातळ होते व लवकर बिघडते. शेकडा १२ विद्राव्य घटक असलेल्या १०० किलो रसाचे प्रमाण २२ वर न्यावयाचे असल्यास सुमारे १२.८ किलो साखर घालावी लागते.

दुसरा मार्ग मिश्रणाचा. नाशिकचे द्राक्ष मार्चमध्ये संपते आणि जांभूळ मेअखेरीस येते. दोन्ही फळे एका घाण्यात पडणे शक्य नाही. परंतु मेंदोझाच्या रीतीने द्राक्षाची तयार वाइन व जांभळाची तयार वाइन एकत्र आणता येणे शक्य आहे. योग्य प्रमाण मात्र प्रयोगशाळेतील चाचणीनेच ठरवावे.

घ्यावयाची दक्षता

फळे पूर्ण पिकलेली, जमिनीस न लागलेली असावीत. ती झाडाखाली जाळी धरून उतरवावीत व त्याच दिवशी धुऊन गर काढावा. लगेच प्रक्रिया होणार नसेल तर गर उणे १८ अंशांवर गोठवून ठेवावा. जूनच्या उकाड्यात आंबवण ३५ अंशांवर गेल्यास यीस्ट निकामी होते. म्हणून टाकी थंड ठेवण्याची सोय हवी. बियांपासून वाढलेल्या झाडांची फळे एकसारखी नसतात. नवी लागवड करताना चांगल्या स्थानिक झाडांची कलमे किंवा दापोलीच्या कृषी विद्यापीठाची ‘कोकण बहाडोली’ ही जात विचारात घ्यावी. मात्र बदलापूरचे नाव लावावयाचे असेल तर फळ बदलापूरचेच हवे.

महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ नुसार परवान्यावाचून वाइन तयार करणे हा गुन्हा आहे. त्यामुळे एकेकट्या बागाईतदाराने या वाटेस न जाता, गटाने किंवा सहकारी संस्थेने फळ गोळा करून स्वच्छ गर तयार करावा आणि तो परवानाधारक कारखान्यास पुरवावा, हे अधिक हिताचे. तोच गर सरबतासही चालतो व वेगळ्या केलेल्या बियांची भुकटी होते. म्हणून वाइनचा ग्राहक न मिळाला तरी श्रम वाया जात नाहीत. हंगामापूर्वी खरेदीदाराशी दर व प्रतवारी यांचा लेखी करार झाला, तर मृगाच्या सरीपूर्वीच फळ उतरविण्याची तयारी ठेवता येईल, आणि बांधावरच्या जुन्या जांभळाला कुऱ्हाड लावण्याचे कारण उरणार नाही.