मढहून येरवड्याला: बाल न्याय मंडळाची लांब वाट

जुन्नर तालुक्यातल्या मढ गावच्या सोळा वर्षांच्या मुलावर मोटारसायकल चोरल्याचा आळ आला, तर त्याचं प्रकरण जुन्नरच्या न्यायालयात चालत नाही. ते जातं पुण्यात, येरवड्याच्या बाल न्याय मंडळापुढे. ओतूर, नारायणगाव, मंचर, चाकण करत जाणारा हा रस्ता शंभर किलोमीटरहून अधिक आहे. आदिवासी पट्ट्यातल्या मुलांना कायद्याने दिलेलं संरक्षण याच रस्त्यावर पातळ होत जातं.

आधी मंडळाची ओळख करून घेऊ. २०१५ च्या बाल न्याय कायद्यानुसार मंडळात तिघे असतात: एक दंडाधिकारी आणि दोन सामाजिक कार्यकर्ते. त्या दोघांत एक तरी महिला हवीच. बैठकीची जागा कोर्टासारखी दिसता कामा नये, असा नियम आहे. उंच चौथरा नको, साक्षीदाराचा पिंजरा नको. मुलाशी बोलणारा पोलीस साध्या कपड्यांत असावा, मुलाला बेडी घालू नये, त्याच्याकडून कुठल्याही जबाबावर सही घेऊ नये. अठराच्या आतल्या मुलाला इथे आरोपी म्हणत नाहीत. तो विधिसंघर्षग्रस्त बालक.

या कायद्याचं काळीज म्हणजे कलम १२. गुन्हा जामीनपात्र असो वा नसो, मुलाला सोडायचं, हा नियम. अडवून ठेवणं हा अपवाद. सुटल्यावर तो सराईत गुन्हेगारांच्या संगतीत जाईल, त्याच्या जिवाला किंवा मनाला धोका होईल, किंवा न्यायाचा हेतूच फसेल, असं मानायला सबळ कारण असेल तरच त्याला निरीक्षणगृहात ठेवता येतं. लोक ज्याला अजून 'रिमांड होम' म्हणतात, तेच हे. पोलीस कोठडी आणि तुरुंग तर पूर्ण वर्ज्य.

इथवर यायला मोठा काळ गेला. मुंबई इलाख्यात १९२४ साली मुलांसाठी वेगळा कायदा झाला, तरी देशभर मुलं मोठ्यांच्या तुरुंगांत सापडतच राहिली. मुंबईच्या पत्रकार शीला बारसे यांनी हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात नेला. १९८६ मध्ये न्यायालयाने मुलांना तुरुंगात न ठेवण्याबाबत निर्देश दिले, आणि त्याच वर्षी देशाला एकच बाल न्याय कायदा मिळाला. त्यात मुलग्यांसाठी वयोमर्यादा सोळा होती. २००० च्या कायद्याने ती अठरा केली. दिल्लीतल्या डिसेंबर २०१२ च्या सामूहिक बलात्कारानंतर वारं फिरलं. २०१५ च्या कायद्याने सोळा ते अठरा वयोगटातल्या मुलांवर, गुन्हा अतिगंभीर असेल तर आणि प्राथमिक मूल्यांकनानंतर, प्रौढांप्रमाणे खटला चालवण्याची वाट उघडली.

वातावरण असं तापलेलं असताना आकडे मात्र वेगळं सांगतात. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या नोंदींत मुलांविरुद्ध दाखल झालेले गुन्हे २०१६ मध्ये ३५,८४९ होते. २०२२ मध्ये ३०,५५५. मुलं बेफाम झाली आहेत, या समजाला यातून आधार मिळत नाही. खरी अडचण आहे ती तुंबलेल्या खटल्यांची. इंडिया जस्टिस रिपोर्टच्या अभ्यासानुसार ऑक्टोबर २०२३ अखेर ३६२ मंडळांपुढच्या एक लाखावर प्रकरणांपैकी निम्म्याहून अधिक प्रलंबित होती, आणि दर चार मंडळांतल्या जवळपास एकात तिघांचं पीठ पुरं नव्हतं. चौकशी चार महिन्यांत संपवावी, असं कायदा सांगतो. अमेरिकेने २००० नंतरच्या दोन दशकांत कोंडलेल्या मुलांची संख्या सुमारे तीन-चतुर्थांशाने खाली आणली. मुलांना कोंडणं कमी करता येतं, याचा तो पुरावा.

येरवड्याचं मंडळ साऱ्या देशाला कळलं ते मे २०२४ मध्ये, कल्याणीनगरच्या पोर्शे अपघातानंतर. दोन तरुण जीव गेले होते; लोकांचा संताप समजण्यासारखा होता. गाडी चालवणाऱ्या अल्पवयीन मुलाला मंडळाने दिलेला जामीन तीन दिवसांत फिरला आणि मुलाची रवानगी निरीक्षणगृहात झाली. २५ जूनला मुंबई उच्च न्यायालयाने ते आदेश बेकायदा ठरवून मुलाला आत्याच्या ताब्यात दिलं. कलम १२ संतापापुढे वाकत नाही, हे त्या निकालाने सांगितलं. तो निकाल मिळवायला मात्र उच्च न्यायालय गाठू शकणारं घर पाठीशी होतं.

मढच्या मुलाच्या पाठीशी काय असतं? आई-बाप भाताच्या आवणीत, नाहीतर नारायणगाव-आळेफाट्याकडे मजुरीला. तारखेला पुणे गाठायचं म्हणजे दिवसाचा रोज बुडतो, वर दोघांचं एसटीभाडं. जामीन मंजूर होऊनही हमीदार मिळत नाही, म्हणून मूल आत राहू शकतं. कायद्याने हे ओळखलं आहे: जामिनाच्या अटी सात दिवसांत पुऱ्या झाल्या नाहीत, तर अटी बदलण्यासाठी मुलाला पुन्हा मंडळापुढे आणलंच पाहिजे. ही तरतूद पालकांना कोण सांगतं, हा खरा प्रश्न आहे.

त्याहून मोलाची गोष्ट ओतूरच्याच पोलीस ठाण्यात घडू शकते. साधी चोरी कायद्याच्या भाषेत किरकोळ गुन्हा ठरते. सोबत प्रौढ साथीदार नसेल, तर तिथे गुन्हा दाखल न करता ठाण्याच्या डायरीत नोंद करून मुलाच्या घरच्या परिस्थितीचा अहवाल मंडळाला पाठवायचा असतो. मुलाला जामिनावर पालकांच्या हाती देण्याचा अधिकार पोलिसांनाही आहे. दुसरा महत्त्वाचा कागद परिविक्षा अधिकाऱ्याचा सामाजिक तपास अहवाल. घर, शाळा कधी आणि का सुटली, काम, मित्र, सवयी हे सारं त्यात येतं. तो गावात येऊन, वाडीवर जाऊन लिहिला तर मंडळाला मूल दिसतं. पुण्यात बसून रकाने भरले तर दिसतो फक्त गुन्हा.

म्हणून मागणी साधी आहे. प्रत्येक ठाण्यातल्या बालकल्याण पोलीस अधिकाऱ्याने कलम १२ आपल्या पातळीवर वापरावं. तालुका विधी सेवा समितीने पहिल्याच दिवशी मोफत वकील द्यावा. तारखेला येणाऱ्या पालकांचं भाडं जिल्हा प्रशासनाने उचलावं. निरीक्षणगृहात मूल एक दिवस ठेवायलाही सरकारी पैसा लागतोच. त्यापुढे एसटीचं तिकीट किती स्वस्त! बापाच्या खिशात भाडं नाही, हे मुलाला कोंडून ठेवायचं कारण कायद्यात कुठेही लिहिलेलं नाही. ते व्यवहारातूनही गेलं पाहिजे.