परसातील हट्टी झाडे

लहानपणी आजीने सांगितलेल्या गोष्टीतला राक्षस आपणांस आठवत असेल. त्याचे मस्तक कितीदा उडवले तरी तो पुन्हा उभा राही. कारण त्याचा जीव दूर कोठे तरी पिंजऱ्यातल्या पोपटात ठेवलेला असे. आपल्या परसातील काही जुन्या झाडांची रीत अशीच असते. आपण कोयता चालवतो तो त्यांच्या देहावर. जीव मात्र भलतीकडेच असतो.

घाणेरीचेच पाहा. हिलाच कोणी टणटणी म्हणतात. मूळची ही अमेरिका खंडातील उष्ण प्रदेशाची रहिवासी. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी शोभेचे झाड म्हणून ती कलकत्त्याच्या वनस्पतिउद्यानात आली आणि पुढे देशभर पसरली. आमच्या गोव्यातील घराच्या गडग्यालगत तिचे जुने रान माजले होते. एके वर्षी मी ती जमिनीसरशी छाटली व राहिलेल्या खुंटांवर पालापाचोळा पेटवला. पहिल्या पावसानंतर एकेका खुंटातून पाचपाच फांद्या वर आल्या! घाणेरीचा जीव असतो खोड व मूळ यांच्या सांध्यात. तेथे सुप्त डोळे असतात. वरचा भाग तोडला की ते जागे होतात. दिल्ली विद्यापीठातील प्रा. सी. आर. बाबू व त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर सोपी रीत दाखवून दिली. खोडाभोवतीची माती उकरावी, भुईखाली तीनपाच सेंटीमीटरांवर मुख्य मूळ कुदळीने तोडावे आणि झुडूप उचलून मुळे वर करून वाळत ठेवावे, म्हणजे ते पुन्हा भुईला लागत नाही. हे काम फळे पिकण्यापूर्वी करावे. कारण बुलबुलादी पक्षी ती फळे खाऊन बिया चहूकडे टाकतात. पूर्वी पडलेल्या बियांतून उगवणारी रोपे पुढे दोनतीन पावसाळे उपटीत राहावे लागते. हा पाला खाल्ल्यास गुरांचे यकृत बिघडते, तेव्हा तोडलेली झुडपे गोठ्याजवळ टाकू नयेत.

बांबूच्या बेटाचा जीव भुईखालच्या गड्ड्यांत असतो. वर्षानुवर्षे साठवलेले अन्न तेथे असते व त्याच बळावर पावसाळ्यात नवे कोंब उठतात. लहान बेट असेल तर कडेपासून आत खणत जाऊन एकेक गड्डा सुटा करावा. खणणे शक्य नसेल तर सगळ्या काठ्या तोडाव्यात आणि नवा कोंब दिसताच, त्यास पाने फुटण्यापूर्वी, मोडून टाकावा. पाने नाहीत तर नवे अन्न नाही. जुना साठा संपला की बेट आपोआप थकते. मात्र एक पावसाळा जरी आपण आळस केला, तरी कोठार पुन्हा भरू लागते.

सर्वांत अवघड असतो भिंतीतला पिंपळ. पक्ष्याच्या विष्ठेतून आलेले मोहरीहूनही बारीक बी फटीत रुजते. पूज्य झाड म्हणून त्यास कोणी हात लावीत नाही. माझ्या मामांच्या वाड्यात असेच झाले. टीचभर रोप होते तेव्हा राहू दिले; ते मनगटाएवढे झाले तेव्हा चिरे सरकले, आणि एका श्रावणात मागची भिंत बसली. रोप कोवळे असताना ओल्या भिंतीतून ते मुळासकट निघते. ते नदीकाठी वा देवळाच्या आवारात लावावे, म्हणजे मनासही रुखरुख लागत नाही. मूळ जाड झाले असेल तर ते कधीही ओढू नये; मुळाबरोबर भिंतही येते. भिंतीस टेकू देऊन गवंड्याकडून वरून एकेक थर उतरवावा, मुळे काढावीत व पुन्हा बांधकाम करावे. जुने बांधकाम चुन्याचे असेल तर भरही चुन्याचाच द्यावा. मोठा वृक्ष तोडावयाचा असल्यास आधी स्थानिक अधिकाऱ्यांकडे परवानगीची चौकशी करावी.

कित्येक जण खुंटावर मीठ, आम्ल वा रॉकेल ओततात. त्याने झाड मरो वा न मरो, माती मात्र नासते, आणि जवळ विहीर असेल तर पाण्यासही धोका पोहोचतो.

शेवटची गोष्ट म्हणजे मोकळी झालेली जागा तशीच सोडू नये. उघड्या मातीत पहिला येतो तो जुनाच शत्रू. घाणेरी निघाली त्याच पावसात मी तेथे अडुळसा व जास्वंद लावली. आता गडग्यालगत बसावयास सावली आहे. तरी मृगाच्या पावसानंतर मी तेथे एक फेरी घालतोच. हट्टी झाडाशी गाठ असली की आपणही थोडे हट्टी व्हावे, पण घाव घालण्यापूर्वी पोपट कोठे आहे तेवढे पाहून घ्यावे.