पीसी जुळवताय? आधी एसएमपीएसचं लेबल वाचा

नवा पीसी जुळवताना सगळी चर्चा प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्डाची. एसएमपीएसची, म्हणजे पीसीला वीज पुरवणाऱ्या पॉवर सप्लायची, पाळी येते बजेट संपत आल्यावर, आणि मग कॅबिनेटसोबत येईल तो चालवून घेतला जातो. मला हे अजिबात पटत नाही. हलका एसएमपीएस जाताना मदरबोर्डलाही सोबत नेऊ शकतो.

खोक्यावरच्या मोठ्या आकड्याला भुलू नका, बाजूचा तक्ता वाचा. आजचे प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड जवळजवळ सगळी वीज १२ व्होल्टच्या लाइनवरून घेतात. तिथे १८ अँपिअर लिहिलं असेल, तर १२ गुणिले १८ म्हणजे २१६ वॉट. वर भलेही ४५० छापलेलं असो!

‘८० प्लस’चा शिक्का म्हणजे २०, ५० आणि १०० टक्के लोडवर किमान ८० टक्के कार्यक्षमता. चांगलंच आहे, पण तो शिक्का टिकाऊपणाबद्दल काही सांगत नाही. त्यासाठी वॉरंटीची वर्षं बघा, कपॅसिटर १०५ अंश सेल्सिअसपर्यंत चालणारे आहेत का ते बघा, आणि ओव्हरव्होल्टेज व शॉर्टसर्किटपासून संरक्षण आहे का तेही. रॅम, एसएसडी नंतर निवडता येतात.

खरेदीला मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर गेलात तर घासाघीस जरूर करा, पण जीएसटीचं पक्कं बिल सोडू नका. वॉरंटीच्या वेळी तेच मागतात. आणि हो, घरातल्या सॉकेटला अर्थिंग आहे का, हे पीसी जोडण्याआधी इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या.