मतपेटी गेली, यंत्र आले

निवडणूक आली की आपल्या जंगलभागात मोठी धांदल उडते. एटापल्ली, भामरागडकडे मतदान घेणाऱ्या मंडळींना हेलिकॉप्टरने नेतात. शहरात सायंकाळपर्यंत मतदान चालते. इकडे दुपारी ३ लाच संपते. का बरे? उजेड आहे तोवर मंडळी सुखरूप परतली पाहिजेत. ११ एप्रिल २०१९ ला मतदानाच्या दिवशीच एटापल्ली तालुक्यात एका केंद्राजवळ सुरुंग फुटला होता. तरी लोक मत देतातच. १९ एप्रिल २०२४ ला गडचिरोली-चिमूर मतदारसंघात शंभरातल्या सुमारे ७२ जणांनी मत दिले. साऱ्या महाराष्ट्रात हे सर्वांत जास्त.

आम्ही शाळामास्तर. मतदानाच्या कामावर पेटीही पाहिली, यंत्रही पाहिले. पूर्वी कागदावर शिक्का मारून तो पेटीत टाकीत. देशात काही ठिकाणी दांडगे लोक केंद्रात घुसत, कागदांचा गठ्ठाच हिसकावीत आणि भराभर शिक्के मारून पेटी भरीत.

२००४ च्या लोकसभेपासून सगळीकडे यंत्र आले. ते बॅटरीवर चालते, विजेची तार लागत नाही. त्याचा एक भाग अधिकाऱ्याजवळ, दुसरा पडद्याआड. अधिकाऱ्याने कळ दाबली तरच आत एक मत देता येते. एकच! मिनिटाला चार-पाचांहून जास्त मते ते घेतच नाही. दांडगाई झालीच तर अधिकारी बंदची कळ दाबतो. मग कितीही बटणे दाबा, यंत्र मुके.

मत भलत्यालाच जाते, अशी आवई मोबाइलवर उठते. म्हणून २०१९ च्या लोकसभेपासून प्रत्येक यंत्राशेजारी चिठ्ठीची पेटी असते. बटण दाबले की काचेआड चिठ्ठी सात सेकंद दिसते, मग आपोआप खाली पडते. तीवर चिन्ह असते, नावही असते. आता आपल्याला वाचता येते, तर नाव वाचूनच बाहेर यावे.

एक गोष्ट मात्र आम्हाला खटकते. कागद होते तेव्हा अनेक केंद्रांचे कागद एकत्र मिसळून मोजता येत. आता प्रत्येक यंत्राची मोजणी वेगळी होते. कोणत्या माणसाने कोणाला मत दिले ते कळत नाही, हे खरे. पण लहानशा टोल्याने कोणाला दिले ते उघड होते. मग निवडून आलेला रुसतो, नाहीतर बंदूकवाला जाब विचारतो. पुष्कळ यंत्रे जोडून एकदम बेरीज घ्यावी, असे निवडणूक आयोगाने २००८ साली सुचविले होते. ते अजून झालेले नाही.