निळा रंग फिका पडला म्हणजे पार्किन्सन्स? बिर्लानगरच्या काकांचा प्रश्न आणि त्याचं उत्तर

ग्वाल्हेर : बिर्लानगरच्या जियाजीराव कॉटन मिलमध्ये नोकरी केलेले एक काका परवा मोबाईल घेऊन आले. त्यांचा उजवा हात थरथरतो. मोबाईलवर मेसेज होता : लघवीच्या थेंबाने रंग बदलतो, मेंदूतलं डोपामाइन कळतं. काकांनी विचारलं, "ही पट्टी कुठे मिळते रे?"

मी कॉमर्सचा माणूस, पण विषय समजून घेतला. मेसेजमागचं विज्ञान खरं आहे. अर्थ मात्र चुकीचा लावलाय.

डोपामाइन हा मेंदूतल्या पेशींमधला निरोप्या. तो बनवणाऱ्या पेशी मरत गेल्या की पार्किन्सन्स होतो.

आता रंगाचं गणित. टीएमबी नावाचं एक रसायन पाण्यात रंगहीन असतं. त्यात हायड्रोजन पेरॉक्साइड आणि पेरॉक्सिडेज हे एन्झाइम टाकलं की पाणी निळं होतं. "पेरॉक्साइड म्हणजे कापड पांढरं करायचं तेच ना?" काकांनी विचारलं. होय, तेच.

पण एन्झाइम नाजूक आणि महाग. ग्वाल्हेरच्या मे महिन्यात फ्रिजबाहेर ठेवलं तर लवकर निकामी होईल. 2007 साली बीजिंगमधील शियुन यान यांच्या गटाने दाखवलं की लोहाच्या ऑक्साइडचे अतिसूक्ष्म कण हेच काम करतात. हे कण नॅनोमीटरमध्ये मोजतात. एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. अशा कणांना 'नॅनोझाइम' म्हणतात. आपल्याकडे बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्रा. जी. मुगेश यांचा गट नॅनोझाइमवर काम करतो.

या निळ्या पाण्यात डोपामाइन टाकलं की निळेपणा उतरतो. डोपामाइन जास्त, तर रंग जास्त फिका. मोबाईलच्या कॅमेऱ्यानेही हा फरक मोजता येतो.

मग अडचण कुठे? एक तर, व्हिटॅमिन सीसुद्धा रंग असाच उतरवतं. सकाळी लिंबू-सरबत प्यायलात तर लघवीत तेही येणार. त्यामुळे खऱ्या नमुन्यात डोपामाइन तेवढंच ओळखणं हे संशोधकांपुढचं मोठं काम आहे.

दुसरं जास्त महत्त्वाचं. लघवीतलं डोपामाइन मुख्यतः मूत्रपिंडात तयार होतं. मेंदूत किती उरलंय, ते त्यावरून कळत नाही. ॲड्रिनल ग्रंथीच्या काही गाठींचा संशय असेल तर डॉक्टर चोवीस तासांची लघवी जमा करून अशा द्रव्यांची तपासणी सांगतात. ती लॅबमध्ये यंत्रावर होते, आणि तो आजार वेगळा.

पार्किन्सन्सचं निदान न्यूरॉलॉजिस्ट रुग्णाला तपासूनच करतात : चाल, हालचालींचा मंदपणा, स्नायूंचा ताठरपणा, थरथर. प्रत्येक थरथर पार्किन्सन्स नसते. थायरॉइडमुळे किंवा काही औषधांमुळेही हात थरथरतो, आणि त्यावर उपाय आहेत.

म्हणून काकांना सांगितलं, तेच तुम्हालाही : पट्टी शोधत बसू नका, रंग बघून चालू गोळ्या बंद करू नका. पार्किन्सन्सच्या गोळ्या एकदम थांबवणं धोक्याचं असतं. न्यूरॉलॉजिस्टची वेळ घ्या. काका पुढच्या आठवड्यात जाणार आहेत.